हेड शेवटी: जुन्या ट्रकच्या इंजिनातील गळती आणि ताप यांचे निदान

‘गाडी पाणी फेकते’ हे वाक्य नंदनवन, वाठोडा, कळमना या पूर्व नागपुरातल्या पट्ट्यात उन्हाळाभर कुठल्या ना कुठल्या गॅरेजात ऐकू येते. या एका वाक्यात तीन वेगळे बिघाड दडलेले असतात. पाणी गळते म्हणून इंजिन तापते. इंजिन तापते म्हणून पाणी उकळून बाहेर पडते. किंवा सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरून पाण्याला बाहेर ढकलतो. चालकाला तिन्ही वेळा दिसते ते एकच: काटा लाल पट्ट्यात आणि रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ. उपाय मात्र अगदी निराळे. पहिल्यात होस पाइप बदलून भागते, तिसऱ्यात हेड उतरवावे लागते. तरीही दोन-तीनदा गाडी गरम झाली की थेट हेडलाच पाना लागतो, आणि पुष्कळदा नवे गॅस्केट घालून आठवड्याभरात गाडी पुन्हा रस्त्याकडेला उभी राहते.

आधी उन्हाळ्याचा हिशेब मांडू. जळलेल्या डिझेलमधल्या ऊर्जेचा पाव ते एक तृतीयांश हिस्सा पाण्यामार्फत बाहेर टाकावा लागतो. रेडिएटर ही उष्णता हवेला किती देईल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि डिसेंबरच्या पहाटेची हवा १५ अंशांवर असेल तर फरक ८० अंशांचा. मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की तोच फरक ५० वर येतो. म्हणजे काहीही न बिघडता रेडिएटरची ताकद तीन अष्टमांशांनी घटली. आत चुना धरून एक तृतीयांश क्षमता आधीच गमावलेला रेडिएटर हिवाळा निभावून नेतो आणि मेअखेरच्या नवतप्यात, ऐन कडक उन्हात, उघडा पडतो. ‘कालपर्यंत गाडी ठीक होती’ हे मालकाचे म्हणणे खरे असते. बिघाड मात्र कालचा नसतो.

तपासाची पहिली पायरी म्हणजे मोजमापावरच शंका घेणे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने स्पष्ट केले की तिथल्या संवेदकातच दोष होता. हवामान खात्याच्या उपकरणाचे असे होऊ शकते, तर पंचवीस वर्षे हादरे खाल्लेल्या डॅशबोर्डवरच्या काट्याचे काय? ढिली अर्थिंग, गंजलेले टोक, चुकीच्या मॉडेलचा सेन्सर यांपैकी कशानेही काटा चढतो. इन्फ्रारेड थर्मामीटर आता बहुतेक गॅरेजांच्या आवाक्यात आहे. थर्मोस्टॅटच्या घराजवळ त्याने मोजावे आणि काट्याशी ताडून पाहावे. उलट चूक जास्त घातक आहे: पाणी पार संपले असेल तर सेन्सर कोरडा पडतो, काटा खाली येतो आणि इंजिन आतून भाजत राहते.

काटा खरा ठरला की विचारायचे ते ‘किती तापते’ हे नव्हे, ‘केव्हा तापते’ हे. कळमन्याच्या बाजार समितीबाहेर रांगेत उभी असताना गाडी तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की निवते, तर दोष हवेचा: फॅनचा पट्टा सैल, पाते तुटलेले, फॅनभोवतीचे पत्र्याचे कडे काढून टाकलेले, किंवा रेडिएटरच्या जाळीत कोंडा आणि धूळ. धान्य आणि उमरेडचा कोळसा वाहणाऱ्या गाड्यांत हा शेवटचा प्रकार फार असतो. जाळी समोरून स्वच्छ दिसते. मळ आत खोलवर अडकलेला असतो, म्हणून पाण्याचा फवारा फॅनच्या बाजूने पुढे मारावा. सपाटीवर ठीक चालणारी गाडी जबलपूरच्या वाटेवर कुरईच्या घाटात तापत असेल, तर संशय पाण्याच्या प्रवाहावर, रेडिएटरच्या आतल्या नळ्यांवर, नाहीतर डिझेल पंपाच्या टायमिंगवर न्यावा. डिझेल उशिरा पडले की ते उशिरापर्यंत जळत राहते आणि इंजिन उगाच तापते. इंजिन रेस केल्यावर खालचा होस चिमटतो का, हेही पाहावे. आतली स्प्रिंग गंजून गेली की जुना होस पाण्याच्या पंपाच्या ओढीने चपटा होतो.

आतल्या नळ्यांचा प्रश्न पाण्याशी बांधलेला आहे. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरले की हेडच्या वाटा आणि रेडिएटरच्या नळ्या पांढरट खवल्याने भरतात. या खवल्याची उष्णतावाहकता बिडाच्या तुलनेत निदान वीस पटींनी कमी असते. म्हणजे १ मिलिमीटर खवला हा २० मिलिमीटर जाड बिडाच्या भिंतीइतका अडथळा. चालू इंजिनावर रेडिएटरचे तापमान ठिकठिकाणी मोजले तर चोंदलेल्या नळ्यांचा भाग थंड लागतो. चालक मात्र सगळा रेडिएटर हात लावून ‘गरम आहे, म्हणजे चालतोय’ असे ठरवतो.

रेडिएटरचे झाकण हा या यंत्रणेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. इथे उघड्या भांड्यात पाणी ९९ अंशांना उकळते. झाकणाने ०.५ बार दाब धरला तर तेच पाणी १११ अंशांच्या आसपास उकळेल. झाकणाचे रबर फाटले, स्प्रिंग मेली, की ही बारा अंशांची सोय गेली. मग बाकी सगळे निरोगी असूनही गाडी पाणी फेकते. पण दाबाखालचे गरम पाणी झाकण उघडताक्षणी वाफ होऊन अंगावर येते. इंजिन निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नये. चिंधी धरून उघडण्याने हात वाचेल, चेहरा वाचणार नाही.

आता गळती. जुन्या इंजिनावर तेल आणि धुळीचा लेप असतो, त्यात नवा डाग सापडत नाही. आधी इंजिन धुऊन वाळवावे, संशयाच्या जागी खडूची पूड फुंकावी, दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवावी आणि मग पाहावे. फॅनच्या वाऱ्याने तेल आणि पाणी मागे पसरते, म्हणून डाग जिथे मोठा तिथेच गळती असते असे नाही. सर्वांत पुढचा आणि सर्वांत वरचा ओला ठिपका शोधायचा. मेन सील गेले म्हणून गिअरबॉक्स उतरवल्यावर कळते की तेल टॅपेट कव्हरमधून ओघळत होते, असे पुष्कळदा होते. पाण्याच्या पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असते. सील गेल्याची खूण दिसावी म्हणूनच ते ठेवलेले असते. तिथून थेंब पडतात म्हणून खिळा ठोकून ते बंद करणे म्हणजे पाणी बेअरिंगमध्ये वळवणे. थंड इंजिनावर हातपंपाने झाकणावर लिहिलेला दाब देऊन पंधरा मिनिटे थांबावे. दाब उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी आत जाते आहे.

इथून खरी परीक्षा सुरू होते. टाटाच्या ६९७ इंजिनाचे नाव म्हणजेच त्याचे माप: ६ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, ४९७ मध्ये सिलिंडर ४. शेजारच्या दोन सिलिंडरांमधली पट्टी अरुंद असते आणि गॅस्केट बहुधा तिथे किंवा तिच्या कडेच्या पाण्याच्या वाटेशी जळते. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटाभरात वरचा होस दगडासारखा ताठ झाला, तर तो वाफेने नव्हे, वायूने. पाणी अजून गरमच झालेले नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसत असतील तर एकेका सिलिंडरची इंजेक्टर नळी सैल करून त्याचे डिझेल तोडावे. ज्याचे तोडल्यावर बुडबुडे कमी होतात, दोष त्या सिलिंडरचा.

तरीही हेड उतरवू नये. ट्रकमध्ये एअर ब्रेकचा कंप्रेसर असतो आणि पुष्कळ गाड्यांत त्याचे छोटे हेड इंजिनाच्याच पाण्याने थंड होते. त्याचे गॅस्केट फुटले की दाबाची हवा पाण्यात शिरते आणि लक्षणे हुबेहूब हेड गॅस्केटची दिसतात. कंप्रेसरकडे जाणारे पाणी तात्पुरते वळवून पाहिले की अर्ध्या तासात उलगडा होतो. माझ्या मते ही एक तपासणी न करणे हा ट्रक दुरुस्तीतला सर्वांत महाग निष्काळजीपणा आहे.

तेल-पाण्याच्या मिश्रणातही असाच फसवा भाग आहे. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्याच्या दाबाच्या कितीतरी वर असतो, म्हणून ऑइल कूलर फुटला तर तेल पाण्यात जाते. इंजिन बंद केल्यावर तेलाचा दाब शून्य होतो, पाण्याचा टिकून राहतो, आणि आता पाणी तेलात उतरते. म्हणून रेडिएटरमध्ये तेलाची साय आणि चेंबरमध्ये दुधाळ तेल, दोन्ही एकत्र दिसले, तर आधी कूलर तपासावा. हिवाळ्यात फक्त ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर घाबरू नये. तो नुसता दमटपणा असू शकतो.

एका रुजलेल्या समजुतीला इथे ठाम विरोध केला पाहिजे. ‘आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला’ म्हणून तो काढून फेकला जातो. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाट (बायपास) बंद करतो. तो काढला की आडवाट कायम उघडी राहते आणि पाण्याचा एक भाग रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतो. थंडाव्यासाठी केलेल्या उपायाने घाटात गाडी आणखी तापते. भांड्यात पाणी उकळत ठेवून थर्मोस्टॅट त्यात सोडावा, उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसते. अडकला असेल तर नवा घालावा.

नवतपा २५ मेच्या सुमाराला लागतो. त्याच्या महिनाभर आधी मालकांनी रेडिएटर आतून-बाहेरून साफ करून घ्यावा, झाकण नवे बसवावे, आणि बोअरच्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट घालावे. मिस्त्री मंडळींना एकच विनंती: हेडचा पहिला बोल्ट सैल करण्याआधी वहीत चार गोष्टी लिहिलेल्या असू द्या. थर्मामीटरने मोजलेले तापमान, गाडी केव्हा तापते, पंधरा मिनिटांनंतरचा दाब, आणि कंप्रेसरचे पाणी वळवल्यावर बुडबुडे थांबले की नाही.