घाट उतरून आलेला डिंक

बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करावयाचे म्हणजे चांगला डिंक धावड्याचाच, हे खानदेशात सांगावे लागत नाही. असोदा हे जळगावशेजारचे गाव, बहिणाबाई चौधरींचे माहेर. परंतु गाव कपाशीचे. धावडा पाहावयाचा तर तापी ओलांडून यावल-चोपड्याकडे सातपुडा गाठावा लागतो.

हाच डिंक औषधाच्या बाटलीतही शिरला, त्याची ही हकीकत. तेल आणि पाणी एकजीव होत नाहीत. डिंकाच्या पाण्यात तेल घोटले म्हणजे त्याचे बारीक थेंब तेथेच धरून राहतात, आणि एरवी नाक मुरडणारा रोगी तो घोट मुकाट्याने घेतो. गोळी बांधावयासही त्याचा चिकटपणा कामी येतो. रोग हटविण्याचे श्रेय डिंकाला कोणी देत नाही. तो केवळ औषधाचा भोई!

विलायती औषधालयांत मान होता सुदानी डिंकाला. १८८५ साली खार्टुम महदीच्या सैन्याने घेतले आणि तिकडील व्यापार विस्कटला. त्याच सुमारास मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे अधिकारी विल्यम डायमॉक येथील वनस्पतींचा कसून धांडोळा घेत होते. वॉर्डन व हूपर यांच्यासह केलेला त्यांचा ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ १८९० ते १८९३ या काळात निघाला. पुढे १९०० साली ब्रिटिश औषधकोशाला हिंदुस्थान व वसाहतींसाठी पुरवणी जोडली गेली. तीत आमचा धावडा ‘गमाय इंडिकम’ असे लॅटिन बारसे होऊन दाखल झाला. बाजाराने मात्र त्याला ‘घट्टी’च म्हटले, कारण माल घाट उतरून येई. मला हे दुसरे नाव अधिक प्रामाणिक वाटते.

त्या नोंदीत झाड आहे, डिंक वेचणारा नाही. ज्या रानात भिल्ल-पावरे पिढ्यान्‌पिढ्या वावरले, तेथे १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारी पहारा बसला. वनस्पतिजन्य गौण उपजेवरील त्यांची मालकी कायद्याने मान्य व्हावयास २००६ साल उजाडले. हाव धरून खोल घाव घातला, तर झाड खंगते. आपले म्हणून राखावयाचे असेल तरच हात आखडतो.

असोद्याच्या कपाशीलाही या कथेत जागा आहे. १९५५ साली अमेरिकेत बॅटिस्टा व स्मिथ यांनी सेल्युलोजची स्फटिकमय भुकटी सिद्ध केली. आज असंख्य गोळ्या तिच्यावर दाबून बनवितात. ती बहुधा लाकडाच्या लगद्यापासून करतात, पण सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड लवेपासूनही होते.