पाण्याचे उष्णतामान आणि साल्मनची बोटुकली

माशाच्या देहाचे उष्णतामान सभोवतीच्या पाण्याबरोबर चढते व उतरते, ही गोष्ट मत्स्यपालकांस फार पूर्वीपासून ठाऊक होती. तथापि या उष्णतेचा पिलांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न प्रयोगशाळांतून दीर्घकाळ मांडला गेला तो मृत्यूच्या अंगाने. टोरांटो विद्यापीठाचे एफ. ई. जे. फ्राय यांनी १९४२ मध्ये ब्रेट व क्लॉसन यांच्यासह गोल्डफिशच्या पिलांच्या मारक सीमा प्रसिद्ध केल्या. ही सीमा स्थिर नसते. सुमारे ३ अंश अधिक उष्ण पाण्यास सरावलेल्या पिलांची वरची सीमा सुमारे १ अंशाने वाढते, असे त्यांस आढळले. पुढे १९४७ च्या आपल्या प्रबंधात फ्राय यांनी उष्णतेचे मारक कार्य आणि नियंत्रक कार्य यांत भेद केला. पाणी मासा मारते ते फार उशिरा. त्याआधी कितीतरी काळ ते त्याच्या चयापचयाची गती ठरवीत असते.

या भेदाचे खरे चीज केले ते जे. आर. ब्रेट यांनी. ब्रिटिश कोलंबियातील नानायमो येथील संशोधनकेंद्रात त्यांनी पॅसिफिक साल्मनच्या पाच जातींची पिले तपासली आणि १९५२ मध्ये त्यांच्या वरच्या मारक सीमा २३.८ ते २५.१ अंश सेंटिग्रेड असल्याचे दाखविले. परंतु जी पिले मरत नाहीत ती वाढतात असे थोडेच आहे?

शेलबर्न व शूप यांच्यासह ब्रेट यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच शंकेचे उत्तर होय. सॉकाय जातीची बोटुकली १ अंशापासून २४ अंशांपर्यंतच्या निरनिराळ्या पाण्यात ठेवण्यात आली व प्रत्येक पाण्यात खाद्याचे प्रमाणही वेगवेगळे राखण्यात आले. खाद्य भरपूर असता सर्वोत्तम वाढ सुमारे १५ अंशांस झाली. येथवर नवल काही नव्हते. मात्र खाद्य जसजसे कमी केले तसतसा हा सर्वोत्तम बिंदू थंडीकडे सरकत गेला. रोजचे खाद्य देहाच्या वजनाच्या दीड टक्क्यावर आणले तेव्हा तो सुमारे ५ अंशांवर येऊन ठेपला. उलटपक्षी सुमारे २३ अंशांस खाद्य हवे तितके पुढे असूनही वाढ मुळीच झाली नाही. कारण सरळ आहे. पाणी तापले की नुसते जगण्याचाच खर्च वाढतो. आवक तुटपुंजी असेल तर वाढीस शिल्लक उरत नाही. एकच एक 'योग्य उष्णतामान' सांगणाऱ्या कोष्टकांवर विसंबणाऱ्यांनी हा निष्कर्ष पुन्हा वाचावा.

आरोग्याचा हिशेबही असाच मारक सीमेच्या पुष्कळ अलीकडे सुरू होतो. डेव्हिस यांनी १९२२ मध्ये वर्णिलेला कॉलम्नॅरिस हा जिवाणुजन्य रोग कोमट पाण्यात बळावतो. कोहो, चिनूक व स्टीलहेड यांच्या पिलांस हा रोग मुद्दाम लावून केलेले प्रयोग १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ९.४ अंशांच्या पाण्यात रोगाने एकही पिलू दगावले नाही. पाणी तापत गेले तसा मृत्यूंचा आकडा मात्र चढत गेला.

प्रयोगशाळेतील ही आकडेवारी निसर्गात कितपत लागू पडते, हे पाहण्यास ब्रेट यांना बाबीन सरोवर हाताशी होते. तेथील सॉकायची बोटुकली उन्हाळ्यात सायंकाळी पृष्ठभागाकडे येऊन चरतात व दिवस खालच्या गार पाण्यात काढतात. उबेत खावे आणि गारव्यात जिरवावे, म्हणजे तुटपुंज्या अन्नाची बचत होते, असा अर्थ ब्रेट यांनी १९७१ मध्ये लावला. क्लार्क व लेव्ही यांनी १९८८ मध्ये याच हालचालीचे निराळे कारण पुढे केले: संधिप्रकाशात लहान माशांस आपले भक्ष्य दिसते, परंतु ते स्वतः शत्रूच्या नजरेस सहसा पडत नाहीत. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असण्यास प्रत्यवाय नाही. वादाचा मुद्दा इतकाच उरतो की, शत्रू नसलेल्या सरोवरात ही पिले दिवसा खाली उतरली असती की नाही.