अग्निसुरक्षा प्रशिक्षण (वृद्धाश्रम व शुश्रूषागृहे)

वृद्धाश्रम, शुश्रूषागृहे आणि छोटी रुग्णालये यांतील परिचारिका, मावश्या, स्वयंपाकी व रखवालदार यांना आगीच्या वेळी करावयाच्या कामांचे दिले जाणारे शिक्षण. इतर इमारतींत रहिवासी आपापले जिना उतरतात. इथे अंथरुणाला खिळलेले, कमी ऐकू येणारे किंवा स्मृतिभ्रंश झालेले लोक असतात आणि त्यांची सुटका कर्मचाऱ्यांच्याच हातात असते. राष्ट्रीय इमारत संहिता (२०१६) रुग्णालये सी-१, तर वृद्धाश्रम सी-२ उपगटात धरते.

पुण्याच्या कसबा पेठेत या शिक्षणाला जास्तच महत्त्व येते. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, बोळ मात्र जुन्याच रुंदीचे राहिले. अग्निशमन केंद्र पेठेतच आहे. तरी तांबट आळीसारख्या भागात, दुचाक्यांच्या रांगांतून बंब थेट दारापर्यंत येईलच असे नाही. जुन्या वाड्यांत लाकूडकामाची भर. शेजारच्या शनिवारवाड्याचे १८२८ च्या आगीनंतर तट, दरवाजे आणि जोतीच काय ती उरली. म्हणून पहिली काही मिनिटे रात्रपाळीच्या मावशीची असतात, बंबाची नव्हे.

शिकवायचा क्रम असा: आगीजवळच्या माणसाला हलवणे, हाक देऊन व घंटा वाजवून सर्वांना सावध करणे, १०१ ला कळवणे, खोलीचे दार ओढून घेणे. ऑक्सिजन सुरू असल्यास तो कोणी, कुठून बंद करायचा हे आधीच ठरलेले असावे. आग बादलीएवढी असेल आणि पाठीमागे वाट मोकळी असेल, तरच आग विझवण्याचा सिलेंडर हातात घ्यायचा: पिन ओढावी, नळी आगीच्या बुडाशी धरावी, खटका दाबून आडवी फिरवावी. विजेच्या वस्तूवर किंवा पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नये. लिफ्ट वापरू नये. सर्वांना खाली नेण्याची घाईही नको. आधी त्याच मजल्यावर, मधले दार लागेल अशा पलीकडच्या भागात न्यावे. उचलता न येणाऱ्याला गादीसकट किंवा चादरीवरून ओढता येते. ही युक्ती हाताला आधीच सवय नसेल तर ऐन वेळी जमत नाही.

९ जानेवारी २०२१ रोजी रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातील १७ बालकांपैकी १० आगीत दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळून ११ रुग्ण गेले. दोन्हीकडे कारवाईच्या यादीत परिचारिका होत्या. त्यांना शिकवले काय होते, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. स्कॉटलंडमधील रोझपार्क वृद्धाश्रमात ३१ जानेवारी २००४ रोजी १४ वृद्धांचा बळी गेला. धोक्याची घंटा वाजली होती, पण तिच्या फलकावर दाखवलेला विभाग कर्मचाऱ्यांनी चुकीचा वाचला आणि अग्निशमन दलाला कळवायला उशीर झाला.

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ नुसार मालकाला जानेवारी व जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घेतलेले प्रमाणपत्र सादर करावे लागते. ते यंत्रणेच्या सुस्थितीचे असते. नवी मावशी कालच रुजू झाली आहे, हे त्यात दिसत नाही, आणि या क्षेत्रात माणसे सतत बदलतात. १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटाच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. अनेक संस्थांचे मॉक ड्रिल त्याच आठवड्यात, दिवसा, पूर्ण कर्मचारी हजर असताना उरकले जाते. रात्री, दोनच माणसे कामावर असताना घेतलेला सराव क्वचितच आढळतो.