शरीराची भरपाई आणि डॉक्टरांची चूक

ऑगस्ट १९५२. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली होती. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण ब्लेगडम रुग्णालयात येत होते. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. 'लोखंडी फुप्फुस' म्हणून ओळखले जाणारे यंत्र तिथे एकच होते.

रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट खूप वाढलेले दिसे. बायकार्बोनेट आम्लाला मारते. त्यामुळे रक्त जास्त अल्कधर्मी झाले आहे आणि तोच मृत्यूचे कारण असलेला बिघाड आहे, असा डॉक्टरांचा समज झाला. प्रत्यक्षात गोष्ट उलटी होती.

निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. तो राखण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे वाटून घेतात. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून काही मिनिटांत फरक पाडतात. मूत्रपिंडे बायकार्बोनेट राखून किंवा सोडून तेच काम करतात, पण त्यांना काही दिवस लागतात. श्वास मंदावला की कार्बन डायऑक्साइड साचतो, रक्त आम्लाकडे झुकते आणि मूत्रपिंडे बायकार्बोनेट धरून ठेवू लागतात. म्हणजे डॉक्टर ज्याला रोग समजत होते, ती शरीराने चालवलेली भरपाई होती!

हे ओळखले ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने. २७ ऑगस्टला मरणाच्या दारात असलेल्या १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्यात आली. इब्सेनने रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. साचलेला वायू बाहेर पडला आणि मुलगी वाचली. पाउल आस्ट्रुप यांनी रक्ताचा सामू मोजला, तेव्हा इब्सेनचे म्हणणे खरे ठरले.

मग यंत्रांची जागा माणसांनी घेतली. सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेनने कोपनहेगनमध्येच दुसऱ्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभाग सुरू केला. आज आपल्या गावातल्या आयसीयूत डॉक्टर बायकार्बोनेटसोबत सामू आणि कार्बन डायऑक्साइडही पाहतात. एकाच आकड्यावर विसंबल्याची किंमत त्या २७ जणांनी मोजली होती, हे आपण विसरू नये.