लहान मेंदूंतून निघणारी वाट

पहिल्या महायुद्धांत डोक्याच्या मागच्या बाजूस गोळी लागलेले अनेक सैनिक गॉर्डन होम्स या मज्जाविकारतज्ज्ञानें तपासले. त्याचा वृत्तांत १९१७ सालीं प्रसिद्ध झाला. लहान मेंदूस एकाच बाजूला इजा झालेल्यांचा त्याच बाजूचा हात लटपटे, बोट नाकाशीं नेऊं जातां नेम चुके. हें विलक्षणच! मोठा मेंदू तर उलट बाजूच्या अंगावर सत्ता चालवितो.

उलगडा वाटेंत आहे. लहान मेंदूच्या पोटांत खोलवर पेशींचे पुंज आहेत. त्याचे बाहेर जाणारे बहुतेक संदेश त्यांच्याच हातून जातात. पैकीं सर्वांत मोठ्या दंतुर पुंजाचे तंतू मध्यमस्तिष्कांत बाजू ओलांडतात व थॅलॅमसमार्गें मोठ्या मेंदूस पोंचतात. तेथून उतरणारी आज्ञा मेंदूच्या देठाशीं पुन्हां बाजू बदलते. नदी दोनदां ओलांडणारा मूळच्याच तीरीं यावयाचा.

१९३९ सालीं होम्सनें आपल्या एका रुग्णाचें म्हणणें नमूद केलें: डावा हात नकळत चालतो, उजव्याची मात्र हरएक हालचाल विचार करून करावी लागते. पुढें १९९४ सालीं मिडलटन व स्ट्रिक यांनीं माकडांत दाखविलें कीं, दंतुर पुंजाची एक वाट कपाळामागील, विचाराशीं निगडित अशा भागापर्यंतही जाते.