विनातिकीट रेल्वेप्रवास : पकडले गेल्यावर काय होते?

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे 40 किलोमीटरवर, ईस्ट कोस्ट रोडलगत वसलेल्या कोवलम या मच्छीमारांच्या गावी महाराष्ट्रातून जाणाऱ्या पर्यटकांची संख्या लहान नाही. तेथील किनाऱ्यास 2021 मध्ये 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळाले. या गावास रेल्वेस्थानक नाही. (केरळमधील याच नावाच्या प्रसिद्ध गावासही ते नाही, त्यामुळे नावाच्या घोटाळ्यात निदान तिकीट चुकीच्या गावाचे निघत नाही.) मुंबई किंवा सोलापूरहून येणारा प्रवासी गाडीने चेन्नई गाठतो आणि तेथून उपनगरी गाडी अथवा बसने पुढे जातो. तिकीट तपासनिसाशी गाठ पडण्याचे प्रसंग याच दोन टप्प्यांत येतात. परप्रांतात, भाषा येत नसताना अशी गाठ पडली म्हणजे आपल्यावर नेमकी कोणती कारवाई होत आहे हेही पुष्कळांना उमगत नाही. वास्तविक यासंबंधीचा कायदा सर्व देशात एकच आहे. ठाणे, नागपूर आणि ताम्बरम येथे कलमे तीच लागू होतात.

हा कायदा म्हणजे रेल्वे अधिनियम, 1989. तो 1 जुलै 1990 पासून अमलात आला व त्याने 1890 चा जुना कायदा रद्द केला. त्याच्या 55 व्या कलमान्वये योग्य पास अथवा तिकीट नसताना किंवा रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी नसताना प्रवासासाठी डब्यात शिरण्यास व थांबण्यास मनाई आहे. हा नियम मोडणाऱ्यांचे कायद्याने दोन वर्ग केले आहेत. 'फुकटे प्रवासी' हा वृत्तपत्रांचा आवडता शब्द दोघांनाही एकाच मापाने मोजतो. कायदा तसे करीत नाही.

दंड आणि जादा आकार

ज्याच्याजवळ तिकीट नाही, परंतु रेल्वेस फसविण्याचा हेतू दिसून येत नाही, त्यास 138 वे कलम लागू होते. घाईत तिकीट काढावयाचे राहिले, पासाची मुदत काल संपली, उतरावयाचे स्थानक चुकून गाडी पुढे गेली, दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर प्रथम वर्गात चढले, अशी ही प्रकरणे असतात. अशा प्रवाशाने प्रवासाचे साधे भाडे आणि त्याखेरीज जादा आकार भरावयाचा असतो. वरच्या वर्गात किंवा तिकिटापलीकडे प्रवास झाला असल्यास भाड्यातील फरक आणि त्यावर जादा आकार द्यावा लागतो. जादा आकार भाड्याइतकाच असतो, मात्र तो 250 रुपयांपेक्षा कमी असू शकत नाही. मूळ कायद्यात ही किमान रक्कम 50 रुपये होती. म्हणजे उपनगरी गाडीत 10 रुपयांचे तिकीट न काढणाऱ्यास 260 रुपये पडतात, तर 400 रुपये भाड्याच्या प्रवासासाठी 800 रुपये. लहान अंतराच्या प्रवाशास हा हिशेब फार जड जातो हे उघड आहे.

बोलीभाषेत यास 'दंड' म्हणतात, परंतु कायद्याच्या परिभाषेत तो दंड नव्हे. दंड केवळ न्यायालय करू शकते. तपासनिसाने मागणी केल्यावर भाडे व जादा आकार भरून पावती घेतली, की प्रकरण तेथेच संपते. कोणतीही दोषसिद्धी होत नाही आणि पोलिसांच्या दप्तरात नोंदही होत नाही. हा फरक पुढे नोकरीच्या अर्जात फार महत्त्वाचा ठरतो.

ही रक्कम देण्यास नकार दिल्यास मात्र गोष्ट वेगळ्या वळणावर जाते. प्राधिकृत रेल्वे कर्मचारी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे वसुलीसाठी अर्ज करू शकतो आणि ही वसुली दंडाप्रमाणे केली जाते. तरीही रक्कम न भरल्यास कमीत कमी 10 दिवस व जास्तीत जास्त एक महिना कारावासाचा आदेश देण्याची तरतूद कायद्यात आहे. खिशात 260 रुपये नसलेल्या माणसास या कलमाचा खरा अर्थ कळतो.

गाडी कोठून निघाली, भाडे कोठून?

चेन्नईकडे जाणाऱ्या प्रवाशाने आणखी एक तरतूद ध्यानात ठेवावी. प्रवासी कोणत्या स्थानकावर चढला याविषयी शंका असेल, तर भाडे गाडी जेथून निघाली त्या स्थानकापासून आकारले जाते. मधल्या एखाद्या ठिकाणी तिकिटांची तपासणी झाली असल्यास त्या ठिकाणापासून हिशेब होतो. मुंबईहून निघालेली गाडी सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा या मार्गाने चेन्नईस पोहोचते. एखादा प्रवासी रेणिगुंट्यास विनातिकीट चढला आणि ते सिद्ध करू शकला नाही, तर मुंबईपासूनचे भाडे आणि तितकाच जादा आकार अशी रक्कम त्याच्यावर निघू शकते. फलाट तिकिटाचा उपयोग येथे होतो, तो एवढाच, की आपण कोठे चढलो याचा तो एक पुरावा ठरतो. फलाट तिकीट म्हणजे प्रवासाची परवानगी नव्हे.

खरी परवानगी 55 व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आहे. तिकीट काढण्यास वेळ नसल्यास गाडीत चढण्यापूर्वी गार्ड (2022 पासून 'ट्रेन मॅनेजर') अथवा तपासनिसाची परवानगी घेऊन, भाडे नंतर भरण्याच्या अटीवर तसा दाखला मिळविता येतो. असा दाखला असणाऱ्याकडून जादा आकार घेता येत नाही. ही तरतूद जुनी आहे आणि फार थोड्यांस ठाऊक आहे.

हेतू फसविण्याचा असेल तर

137 वे कलम फसवणुकीच्या हेतूने केलेल्या प्रवासासाठी आहे. एकदा वापरलेले तिकीट पुन्हा वापरणेही यातच येते. येथे शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी आहे. निकालपत्रात विशेष व पुरेशी कारणे नमूद केल्याखेरीज न्यायालय 500 रुपयांपेक्षा कमी दंड करू शकत नाही. भाडे व जादा आकार यांची रक्कम याशिवाय वसूल केली जाते. वारंवार असा गुन्हा करणाऱ्याकडून तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेण्याचा अधिकार 140 व्या कलमाने न्यायालयास दिला आहे.

अधिनियमात 2003 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर रेल्वे सुरक्षा दलाच्या प्राधिकृत अधिकाऱ्यांना अशा गुन्ह्यांत वॉरंटशिवाय अटक करण्याचे व चौकशीचे अधिकार मिळाले. केवळ जादा आकार देणे असलेल्या प्रवाशासही, त्याने नाव-पत्ता सांगण्यास नकार दिल्यास किंवा खोटा पत्ता दिल्याचा संशय असल्यास, अटक होऊ शकते. अटक केलेल्या व्यक्तीस 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते. खरे नाव व पत्ता निश्चित झाल्यास बंधपत्रावर सोडण्याची सोय आहे. खोटे नाव सांगून सुटका होईल हा समज त्यामुळे सर्वांत महाग पडतो. घरापासून हजार किलोमीटरवर न्यायालयाची तारीख पडणे ही शिक्षेहून मोठी शिक्षा होय.

बनावट पास हा याहून गंभीर प्रकार आहे. मोबाइलवर दिसणाऱ्या पासाचे चित्र बदलून तो खरा म्हणून दाखविण्याचे प्रकार मुंबईच्या उपनगरी मार्गांवर 2025 मध्ये उघडकीस आले व पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. येथे रेल्वे अधिनियम बाजूला राहतो आणि भारतीय न्याय संहितेतील फसवणूक (कलम 318), बनावटीकरण (कलम 336) व बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे (कलम 340) ही कलमे लागतात. फसवणुकीच्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. काही शे रुपयांचा पास वाचविण्यासाठी हा धोका पत्करणारे सुशिक्षित असतात, ही यातील विशेष गोष्ट.

तपासनीस काय करू शकतो, काय नाही

रक्कम न भरणाऱ्यास गाडीतून उतरविण्याचा अधिकार 139 व्या कलमाने दिला आहे. त्यास दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. वरच्या वर्गातून काढलेल्या प्रवाशास त्याच्या तिकिटाच्या वर्गातून प्रवास चालू ठेवता येतो. तसेच पुरुष सोबत नसलेल्या स्त्रीस किंवा मुलास वाटेल त्या स्थानकावर उतरविता येत नाही. प्रवास सुरू झाला ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक अथवा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण येथेच आणि तेही केवळ दिवसा उतरविता येते. रात्री आडस्थानकावर एकट्या स्त्रीस उतरण्यास सांगणे हे कायद्याचे उल्लंघन आहे. अशा वेळी 139 या रेल्वे मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते. कलमाचा आणि दूरध्वनीचा क्रमांक एकच असणे हा योगायोग लक्षात ठेवण्यास सोयीचा आहे.

तपासनिसाचे ओळखपत्र पाहण्यास व भरलेल्या रकमेची पावती मागण्यास संकोच करू नये. पावतीविना दिलेला पैसा रेल्वेच्या तिजोरीत जात नाही. उलट बाजूही पाहिली पाहिजे. तपासनिसांचे काम सोपे नाही आणि त्यांच्याशी होणारी धक्काबुक्की हा स्वतंत्र गुन्हा आहे. चेन्नई विभागातील मुख्य तिकीट निरीक्षक रोझलिन आरोकिया मेरी यांनी विनातिकीट व अनियमित प्रवास करणाऱ्यांकडून 1 कोटी 3 लाख रुपये वसूल केल्याचे रेल्वे मंत्रालयाने मार्च 2023 मध्ये जाहीर केले होते.

नकळत होणाऱ्या चुका

संकेतस्थळावरून काढलेले प्रतीक्षा यादीतील तिकीट, तक्ता तयार झाल्यावरही निश्चित न झाल्यास, आपोआप रद्द होते. त्यावर प्रवास करणारा विनातिकीट ठरतो. अशा ई-तिकिटावरील प्रवाशांपैकी एकाजवळही मूळ ओळखपत्र नसेल, तर सर्वांवर हीच वेळ येते. अनारक्षित तिकीट मोबाइलवर काढले असल्यास ते ॲपमध्येच दाखवावे लागते; त्याचे छायाचित्र चालत नाही. तपासनीस दिसल्यावर तिकीट काढण्याची युक्तीही या ॲपमध्ये साधत नाही, कारण गाडीत किंवा रुळांलगत असताना ते सर्वसाधारणपणे तिकीट देत नाही.

चेन्नईत आणखी एक चूक घडते. बाहेरगावची गाडी पुरट्ची तलैवर डॉ. एम. जी. रामचंद्रन सेंट्रल स्थानकात थांबते आणि ताम्बरमची उपनगरी गाडी रस्त्यापलीकडील पार्क स्थानकावरून सुटते. ही दोन वेगळी स्थानके आहेत. सेंट्रलपर्यंतचे तिकीट पार्क स्थानकावर चालत नाही. मेट्रोचे तर सर्वच निराळे. तिच्यासाठी 2002 चा स्वतंत्र कायदा आहे.

नोकरी, पारपत्र आणि नुकसानभरपाई

न्यायालयात 137 व्या कलमाखाली गुन्हा कबूल करून 500 रुपये भरले, की विषय मिटला, असे तरुणांना वाटते. प्रत्यक्षात ती दोषसिद्धी असते. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात तिची माहिती विचारली जाते. सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (2016) या खटल्यात, किरकोळ गुन्ह्याची माहिती दडविल्यास नियोक्ता ती चूक क्षम्य मानू शकतो, असे म्हटले. परंतु खरी माहिती देण्याचे कर्तव्यही स्पष्ट केले. म्हणजे गुन्ह्यापेक्षा लपवाछपवी अधिक अडचणीची ठरते. पारपत्रासाठी असा दंड सहसा आड येत नाही, मात्र न्यायालयात प्रलंबित असलेला खटला आड येऊ शकतो. तारखेस गैरहजर राहणे म्हणूनच अहिताचे असते.

सर्वांत गंभीर परिणाम अपघाताच्या वेळी दिसून येतो. गाडीतून पडून किंवा अपघातात मृत्यू झाल्यास 1 जानेवारी 2017 पासून आठ लाख रुपये नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण ती वैध तिकीट असलेल्या प्रवाशासाठी. मृताच्या खिशात तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून दावा फेटाळला जाई. सर्वोच्च न्यायालयाने मे 2018 मध्ये रीना देवी खटल्यात निर्णय दिला, की केवळ तिकीट न सापडणे म्हणजे ती व्यक्ती प्रवासी नव्हती असे नव्हे. दावेदाराने शपथपत्राद्वारे वस्तुस्थिती मांडल्यावर ती खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर येते. गर्दीत पडून मृत्यू पावलेल्यांचे तिकीट हरविणे किती सहज घडते, हे मुंबईकरांना सांगावयास नको. मात्र ज्याने तिकीट काढलेच नव्हते, त्याच्या कुटुंबास या निर्णयाचा आधार मिळत नाही.

अन्य देशांत

जर्मनीत विनातिकीट प्रवास हा 1935 पासून फौजदारी गुन्हा आहे व त्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. दंड भरू न शकणारे गरीब तेथे तुरुंगात जातात. त्यांचा दंड भरून त्यांना सोडविणारा 'फ्रायहाइट्सफॉन्ड्स' हा लोकवर्गणीचा निधी 2021 मध्ये स्थापन झाला. इंग्लंडमध्ये जानेवारी 2023 पासून दंडभाडे 100 पौंड असून 21 दिवसांत भरल्यास ते निम्मे होते. रेल्वे कंपन्यांनी चुकीच्या न्यायप्रक्रियेचा अवलंब केल्यामुळे तेथील 74 हजारांहून अधिक खटले ऑगस्ट 2024 मध्ये रद्दबातल ठरविण्यात आले. त्याच देशात अनेक वर्षे तिकीट चुकविणाऱ्या एका बड्या वित्त अधिकाऱ्यास सुमारे 43 हजार पौंड भरूनही 2014 मध्ये वित्तक्षेत्रात काम करण्यास बंदी घालण्यात आली होती.

भारतात चुकीने जादा आकार घेतला गेल्यास तो जागेवर भरून पावती घ्यावी आणि नंतर परताव्यासाठी संबंधित रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे पावतीच्या प्रतीसह अर्ज करावा. अटक झाल्यास विधी सेवा प्राधिकरणाच्या 15100 या क्रमांकावर मदत मागता येते; स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या कायद्याने दिला आहे.