ई-सिगारेटचे छिद्र आणि घरगुती कारागिरी

ई-सिगारेट हे नाव आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. परंतु तिच्या नळीवरील टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वास्तविक झुरका किती जड लागेल, वाफ किती दाट होईल, आतील तार किती तापेल आणि फुप्फुसांत काय जाईल, हे बऱ्याच अंशी या छिद्रातून शिरणारी हवा ठरवते. म्हणूनच ते घरच्या घरी लहानमोठे करण्याची जी खटपट ब्रिटन, अमेरिका आदी देशांत झाली, ती केवळ हौस म्हणून सोडून देता येत नाही.

रचना

ई-सिगारेटमध्ये बॅटरी, तारेचे वेटोळे, कापसाची वात आणि द्रवाची टाकी असे चार मुख्य भाग असतात. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादद्रव्ये व बहुधा निकोटीन यांचा हा द्रव वातीतून तारेपर्यंत येतो. तार तापली की त्याची वाफ होते व झुरक्याबरोबर आत आलेली हवा ती वाहून नेते. ही हवा वाफेची वाहक तर असतेच, शिवाय ती तारेला थंडही ठेवते. वाफ थंडावून सूक्ष्म थेंब बनतात; बोलीत ज्याला धूर म्हणतात, ते हे तरंगते तुषार होत.

टॉर्चपासून मॉडपर्यंत

अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी 1963 मध्ये धूरविरहित सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तथापि आजच्या उपकरणाचे जनकत्व चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांना दिले जाते. त्यांनी ते 2003 मध्ये विकसित केले. पाश्चात्त्य बाजारात आलेली सुरुवातीची उपकरणे दुबळ्या बॅटरीची आणि अरुंद वायुमार्गाची होती. त्यामुळे काहींनी टॉर्चच्या नळीत मोठी बॅटरी बसवली आणि अशा सुधारित उपकरणांना 'मॉड' हे नाव पडले.

त्याच ओघात हवेच्या छिद्रावरही प्रयोग झाले. हातड्रिलने छिद्र रुंद करणे, कानशीने आट्यांत खाच पाडणे, उलट झुरका जड हवा असल्यास छिद्रावर चिकटपट्टी लावणे वा रबरी कडे सरकवणे, हे त्यांतील प्रचलित प्रकार. पुढे 2013 च्या सुमारास उत्पादकांनी फिरते कडे असलेल्या टाक्या बाजारात आणल्या. या कड्याने छिद्र कमीअधिक उघडता येई. घरातील खटपट अशा रीतीने कारखान्यात पोहोचली.

छिद्राचे गणित

छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 1 मिलिमीटरचे छिद्र दीड मिलिमीटर केले, तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होते आणि तेवढीच हवा ओढण्यास लागणारा जोर सुमारे पाचव्या हिश्शावर येतो. वाढलेला अर्धा मिलिमीटर डोळ्यांना नगण्य वाटतो, छातीला मात्र तो लगेच जाणवतो.

छिद्र लहान केल्यास झुरका जड होतो आणि तार अधिक तापते. आत निर्माण होणारी पोकळी जादा द्रव खेचत असल्याने गुडगुड ऐकू येते व गळती होते. छिद्र मोठे केल्यास वाफ थंड व विरळ होते. मग तीच तृप्ती मिळावी म्हणून वापरणारा बॅटरीची शक्ती वाढवतो, वाफ थेट फुप्फुसांत ओढतो आणि अधिक द्रव संपवतो. केवळ ओढण्याने सुरू होणाऱ्या उपकरणांत आणखी एक अडचण येते. आतील दाब कमी झाल्याची खूण मिळाल्यावरच ती चालू होतात. छिद्र फार रुंद झाले, तर ही खूण मिळत नाही.

धोके

द्रव व हवा अपुरी पडून तार फार तापली, तर ग्लायकॉल व ग्लिसरीनचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीन यांसारखी घातक रसायने तयार होतात. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 3.3 व्होल्टला फॉर्माल्डिहाइड मुक्त करणारी संयुगे आढळली नाहीत, 5 व्होल्टला मात्र आढळली. एवढ्या उष्णतेत झुरका जळका लागतो व तो कोणी ओढत नाही, असा आक्षेप ग्रीसमधील संशोधकांनी घेतला. उष्णतेचे संतुलन निर्णायक असते, हे मात्र दोन्ही पक्षांच्या मांडणीतून दिसते.

ड्रिलने पडलेला धातूचा कीस आत राहिल्यास तो झुरक्याबरोबर ओढला जाऊ शकतो किंवा विद्युत जोडणीत अडकून शॉर्टसर्किट घडवू शकतो. बॅटरीजवळची छिद्रे तर पुष्कळदा झुरक्यासाठी नसतातच. बॅटरी बिघडल्यास कोंडलेला वायू बाहेर पडावा, यासाठी ती असतात. ती बुजवणे म्हणजे स्फोटाला निमंत्रण होय. अमेरिकी अग्निशमन प्रशासनाच्या अहवालात 2009 ते 2016 या काळातील ई-सिगारेटच्या आगी व स्फोटांच्या 195 घटनांची नोंद आहे.

जुना धडा

छिद्राने फसवल्याचे उदाहरण साध्या सिगारेटच्या इतिहासातही सापडते. 'लाइट' सिगारेटच्या फिल्टरभोवती बारीक छिद्रे असत. चाचणीयंत्रात ती उघडी राहात आणि टारचे प्रमाण कमी दिसे. माणसाच्या हाती मात्र ती बोटांनी वा ओठांनी झाकली जात, शिवाय झुरकेही खोल होत. अमेरिकेत 2010 पासून हा शब्द वापरण्यास मनाई आहे.

ई-सिगारेटबाबतही हेच लागू पडते. युरोपीय संघात 2016 पासून उत्पादकाला उत्सर्जनाची माहिती द्यावी लागते, टाकी 2 मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही आणि निकोटीनवरही मर्यादा आहे. परंतु ती माहिती कारखान्यातून बाहेर पडलेल्या उपकरणाची असते. घरी छिद्र बदलल्यावर हाती उरते ते कोणीही न तपासलेले उपकरण.

भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती मात्र ही वस्तू सहज पडते. छिद्र बदलून ती निर्धोक होत नाही, केवळ धोक्याचे प्रमाण बदलते, एवढे त्यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.